कर्तरी प्रयोग

"पहिल्याच ओळीत फुटलं की गं सगळं!" धारणकर सर माझ्या खुर्चीमागून म्हणाले. "मग पुढची बारा मिनिटं लोकांनी काय, किटली बघत बसायचं?"

संगणकाच्या पडद्यावर खरोखरच एक किटली होती. डर्बनजवळच्या एका वस्तीतलं छोटंसं स्वयंपाकघर, टेबलावर दोन कप आणि कुणाची तरी वाट बघणारी एक बाई. ती मनातल्या मनात त्या कुणाशी तरी बोलत असते आणि आपण ते ऐकत असतो. खाली मी मराठीत लिहिलं होतं, ‘परवाही तू उशिरा आलीस.’

सर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि नाशिकच्या आमच्या फिल्म सोसायटीचे अध्यक्ष. त्या वर्षी त्यांनी लघुपट महोत्सवाचा घाट घातला होता. मी तेव्हा पोटासाठी मिक्सर आणि गीझरच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करत असे, त्यामुळे महोत्सवाची सबटायटलं आपोआपच माझ्या गळ्यात पडली.

हा सिनेमा दक्षिण आफ्रिकेच्या नोमवुला नावाच्या दिग्दर्शिकेचा. नाव ‘पाणी उकळेपर्यंत’. तिने तो मावशीच्या स्वयंपाकघरात, मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर केला होता. बाई नवऱ्याची वाट बघतेय असं आपल्याला वाटत राहतं. कुणी सांगितलेलं नसतं, आपलं आपणच ठरवून टाकतो. शेवटी दार उघडतं आणि बस ड्रायव्हरच्या गणवेशात एक बाई आत येते. वाट बघणारी उठते, हलक्या हाताने तिची टोपी काढते, तिच्या कपाळावर ओठ टेकते आणि चहा ओतते. संपलं.

मूळ संवाद झुलू भाषेतले. त्या भाषेत क्रियापदाला बाई-पुरुष कळत नाही. इंग्रजीतल्या ‘यू’लाही कळत नाही. मराठीचं तसं नाही. मराठीत ‘तू’ म्हटलं की आलास की आलीस, ते तिथल्या तिथे सांगावं लागतं.

"सरळ ‘आलास’ लिहून टाक," सर म्हणाले. "शेवटी कळेलच की लोकांना."

"ते खोटं होईल, सर."

"अगं, विषय धाडसी आहे. माझी काहीच हरकत नाही, आपली संस्था पहिल्यापासून पुरोगामी. पण जरा बेताने."

त्या सिनेमाबद्दल बोलताना सरांनी ‘विषय’ याखेरीज दुसरा शब्द कधी वापरला नाही. कार्यक्रमपत्रिकेतही त्यांनी तो ‘आफ्रिका आणि स्त्रीजीवन’ या सत्रात घातला होता, कीर्तनाशेजारी भजन ठेवावं तसा, कुणाला खटकू नये म्हणून.

मी नोमवुलालाच व्हिडिओ कॉल लावला. अडचण सांगितली. ती खूप हसली.

"म्हणजे तुमच्यात प्रेमपत्र लिहायचं तर आधी लिंग जाहीर करायचं?"

"जवळजवळ."

"हे बघ, लपवायचं तर लपव. मी पण लपवलंच आहे. पण खोटं बोलू नकोस. आमच्यासारख्या काळ्या बायकांच्या तोंडी हवं ते खोटं घालायला सगळी दुनिया टपलेली असते, तू नको घालूस. जमेल?"

"जमेल," मी म्हटलं. मला त्याचा दांडगा सराव होता.

सराव आईमुळे झाला होता. आई जन्मभर अमळनेरला शाळेत मराठी शिकवत होती. नेवे बाई म्हटलं की तिथले मिशीवाले बापे आजही ताठ बसतात. बाबा गेल्यानंतर तिला माझ्या लग्नाशिवाय दुसरा उद्योग उरला नव्हता. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "जेवलीस का?" हा पहिला प्रश्न आणि नवं स्थळ हा दुसरा. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वैतागून मी म्हणून गेले होते, "आई, नको स्थळं. माझं माणूस आहे."

ते खरंच होतं. माणूस होतं आणि ते माझ्यासाठी त्याच वेळी आत कणीक मळत होतं. हेमांगी फिजिओथेरपिस्ट. आम्ही कॉलेज रोडला एका फ्लॅटमध्ये राहत होतो आणि आईच्या लेखी ती माझी रूममेट होती, गुणी मुलगी, जिने तिचे गुडघे फोनवरून व्यायाम सांगून बरे केले होते. तेव्हा कायदाही आमच्या बाजूचा नव्हता, पण कायद्याची कोणाला भीती? भीती नेवे बाईंची होती.

मग मी दोन वर्षं ‘माणूस’ या शब्दावर काढली. माणूस चांगलं आहे. माणूस कामात असतं. नाटकाला गेलो होतो आम्ही. ‘आम्ही’ हा तर फारच दयाळू शब्द, कोण कोण ते विचारतच नाही. आईने एकदा टोकलं होतं, "माणूस चांगलं काय? चांगला म्हण." मी म्हटलं, "लाडाने म्हणते गं." त्यावर तिने हेमांगीलाच फोन करून खोदून विचारलं होतं, कसा आहे म्हणून. हेमांगीने शांतपणे सांगितलं होतं, "काकू, माणूस चांगलं आहे. खात्री देते."

आता आई शनिवारी महोत्सवाला येणार होती. "तुझं नाव पडद्यावर बघायचंय," ती फोनवर म्हणाली, "आणि ते नपुंसकलिंगी माणूस पण. त्याला बघितल्याशिवाय मी परतीच्या एसटीत बसणार नाही."

"येईल ना," मी म्हटलं. "सिनेमाला येईल."

फोन ठेवला तर हेमांगी समोरच उभी होती.

"येईल का ते?" तिने विचारलं.

"हेमा, चेष्टा नको."

"नाही करत. दोन वर्षं झाली, मी नपुंसकलिंगी आहे. आधी मजा वाटायची." ती खुर्ची ओढून बसली. "बडोद्याच्या हॉस्पिटलला नोकरीबद्दल मला सोमवारी उत्तर द्यायचंय. शनिवारी तू आईला सांगितलंस तर मी त्यांना नाही म्हणते. आणि रूममेट म्हणून माझी ओळख करून दिलीस, तर मग मी रूममेटच. रूममेट नोकरी बदलतात, खोली सोडतात."

ती चिडून बोलली असती तर मी भांडले असते. ती न चिडता बोलली, म्हणून मी घाबरले.

त्या आठवड्यात मी सबटायटलांवर जितकी मेहनत घेतली तितकी आयुष्यात कशावर घेतली नसेल. ‘तू उशिरा आलीस’चं ‘तुला उशीर झाला’ केलं. ‘तू छत्री विसरलीस’चं ‘तुझी छत्री राहिली’. ‘तू दमली होतीस’ तिथे ‘तुझ्या अंगात त्राण नव्हतं’. ‘तू गार चहा घेतलास’ मात्र जसंच्या तसं राहिलं.

सरांनी लगेच बोट ठेवलं. "इथे ‘घेतलास’ कसं?"

"चहा पुल्लिंगी आहे, सर. तो घेतलास. पुढच्या ओळीत भाजी आहे, ती खाल्लीस. फिटंफाट."

"वा!" सर खूष झाले. "विषय छान सांभाळलास."

सगळ्या सिनेमात मी ‘तू’ला एकदाही दारातून आत येऊ दिलं नाही. शेवटी दार उघडल्यावर बाई फक्त एक शब्द बोलते. तिथे मी लिहिलं, ‘आलीस?’

शनिवारी सकाळी आई आली, बिबड्यांचा म्हणजे आमच्या खानदेशी पापडांचा डबा, शेव आणि गुडघ्याची पट्टी घेऊन. महोत्सवासाठी आलेल्या नोमवुलालाही मी दुपारी घरी जेवायला आणलं. धिप्पाड, डोक्याचं तुळतुळीत मुंडण केलेली, कानात मोठी पितळी वर्तुळं. आईने तिला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं आणि ताटात आणखी एक भाकरी वाढली. नोमवुलाने बिबडा मोडला, खाल्ला आणि दुसरा मागितला. एवढ्यावर ती परीक्षेत पास झाली.

"लग्न झालंय का हिचं?" आईने मला विचारलं.

मी भाषांतर केलं. नोमवुला म्हणाली, "हो."

"काय करतात ते घरचे?"

तेही मी विचारलं. नोमवुला म्हणाली, "शी ड्राइव्ज अ बस. माझ्या सिनेमात काम पण तिनेच केलंय. गणवेश तिचाच आहे, त्यामुळे कपड्यांचा प्रश्न मिटला."

हेमांगी पाण्याचा तांब्या हातात धरून थांबली. मी आईकडे वळले. "बस चालवतात," मी म्हटलं. आदरार्थी बहुवचनाने आजवर माझे प्राण कितीदा वाचवले असतील, देव जाणे.

"बस चालवतात," आई म्हणाली. "बरं." आणि तिने शेवेचा डबा नोमवुलापुढे सरकवला.

हेमांगी माझ्याकडे न बघता आत निघून गेली. तिने आत भांडं जरा जोरातच ठेवलं.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. आई पहिल्या रांगेत. हेमांगी मागे, दाराजवळ, बाहेर पडायला सोपं अशा जागी. दिवे गेले, किटली आली. माझी ओळ आली, ‘परवाही तुला उशीर झाला.’ माझ्या मागे कुणीतरी शेजारच्याला कुजबुजून सांगितलं, "नवरा सोन्याच्या खाणीत असणार. तिकडे तेच असतं." मला अभिमान वाटला. व्याकरणाच्या जोरावर मी अख्ख्या सभागृहासाठी एक नवरा उभा केला होता, आणि तोही एक अक्षर खोटं न लिहिता.

दार उघडलं. बस ड्रायव्हर आत आली. ‘आलीस?’ टोपी, कपाळ, चहा. दिवे लागले आणि टाळ्या पडल्या, चांगल्या दणदणीत.

नोमवुला मंचावर, मी शेजारी भाषांतराला. आता प्रश्न येतील म्हणून मी घसा साफ करून तयार होते. गेला आठवडाभर मी मनातल्या मनात उत्तरंसुद्धा घोकली होती.

पहिले गृहस्थ उठले. "वर्णभेदाच्या पार्श्वभूमीवर दोन बहिणींच्या नात्याचं अत्यंत हृद्य चित्रण. दिग्दर्शिकेचं अभिनंदन."

मी भाषांतर केलं. नोमवुलाची एक भुवई वर गेली.

मग एक बाई उठल्या. "प्रश्न नाही हो, फक्त सांगा तिला. काळी असली तरी किती नाकीडोळी नीटस आहे."

"तुझा चेहरा रेखीव आहे म्हणतात," मी नोमवुलाला म्हटलं.

"आणि त्याच्या आधी काय म्हणाल्या?"

मी माइकची वायर सरळ करू लागले.

"ते मी पुष्कळ भाषांमध्ये ऐकलंय," ती म्हणाली. "सांग त्यांना, धन्यवाद. त्याही गोऱ्या असल्या तरी छान आहेत."

मी फक्त धन्यवाद सांगितलं.

तिसरे गृहस्थ जाणकार होते, ते खादीच्या झब्ब्यावरूनच दिसत होतं. "मला एक सूचक जागा फार आवडली. शेवटपर्यंत नवरा येतच नाही. त्याच्या जागी निरोप घेऊन त्याची सहकारी येते. तो खाणीत गेला, असं समजायचं का?"

मी ते नोमवुलाला सांगेपर्यंत सभागृहात दोघातिघांनी चुकचुकून घेतलं. एका बाईने डोळे पुसले. मी रात्रंदिवस खपून जे लपवलं होतं, ते दार उघडून, दिवे लावून समोर उभं केलं तरी कुणाला दिसायला तयार नव्हतं. मी उगाच खपले होते. पहिल्या ओळीपासून ‘आलीस’ लिहिलं असतं तरी चाललं असतं.

"विषय सर्वांपर्यंत पोचला आहे," धारणकर सर माइकवर समाधानाने म्हणाले. "शेवटचा एक प्रश्न."

पहिल्या रांगेत आई उभी राहिली. माइक दिला तर तिने तो नको म्हणून परत केला. तिला कधी लागलाच नाही.

"मी नेवे. अमळनेरला मराठी शिकवत होते. माझा प्रश्न भाषांतराबद्दल आहे." सभागृह आपसूक ताठ बसलं. मीसुद्धा. "सबंध सिनेमात एकही क्रियापद ‘तू’चं लिंग सांगत नाही. उशीर झाला, छत्री राहिली, त्राण नव्हतं. मला आधी वाटलं, हिचं व्याकरण कच्चं राहिलं की काय. मग लक्षात आलं, कर्त्याला मुद्दाम दाराबाहेर उभं केलंय. आणि दार उघडल्यावर ‘तू’चा पहिला धडधडीत कर्तरी प्रयोग, लिंगवचनासकट. ‘आलीस?’ बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं. माझा आवाज शाळेतला झाला होता.

"मग हे खाणीत गेलेले कोण? आणि बहीण कुठली?" आई झब्ब्याकडे वळली. "बहिणीला कुणी एवढं लपवून ठेवत नाही हो. ती तिची बायको आहे." ती जरा थांबली. "दोघी एकमेकींच्या. माझा प्रश्न संपला."

आणि ती बसली. धारणकर सरांनी माइक तोंडाजवळ नेला, ‘विषय’ म्हणाले आणि थांबले.

"काय म्हणाली ती?" नोमवुलाने माझा दंड धरून विचारलं.

"तुझा सिनेमा तिला कळला."

"एकटीला? कोण आहे ती?"

"माझी आई."

नोमवुलाने माझ्याकडे नीट बघितलं, मग दाराकडे, जिथे हेमांगी अजून उभी होती. तीही दुपारी जेवायला होतीच. "अरे बापरे," ती म्हणाली, ते मला झुलूतूनही समजलं.

बाहेर अंगणात चहा ठेवला होता. आई एका कोपऱ्यात कप घेऊन उभी होती. लोक तिला लांबून वळसा घालून जात होते. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कुठाय माणूस?" आईने विचारलं.

"आलंय."

"नपुंसकलिंग बास झालं. कर्तरीत सांग."

एवढं साधं वाक्य. तिसरीतली मुलं बनवतात. मला ते जुळेना. हेमांगी चार पावलांवर खांबाला टेकून, हाताची घडी घालून आमच्याकडे बघत होती. सोमवार मला दिसत होता.

"ती आलीय, आई," मी म्हटलं. "हेमांगी. तीच आहे. पहिल्यापासून."

आईने चहाचा घोट घेतला. तिला काही धक्का बसल्यासारखं दिसलं नाही. थोडा चहा मात्र बशीत सांडला.

"दुपारी ती ‘शी’ म्हणाली," ती म्हणाली, "आणि तू मला ‘चालवतात’ सांगितलंस. ‘शी’ एवढं इंग्रजी मला येतं गं. तेव्हाच वाटलं, ही सांगण्यात इतकी चपळ कशी? आणि मग सिनेमा बघताना ऐकत होते तो तुझा फोन. दोन वर्षांचा. उशीर झाला, राहून गेलं, आम्ही गेलो होतो."

"रागावलीस?"

"रागावले. ज्यात तुला पैकीच्या पैकी दिले, त्याच विषयाने मला फसवलंस." मग तिचा आवाज उतरला. "त्या दुसऱ्या विषयाचं मला आत्ता काही कळत नाहीये. ते मी घरी जाऊन बघेन. वेळ लागेल. तोवर विचारू नकोस."

हेमांगी एव्हाना जवळ आली होती. आई तिच्याकडे वळली.

"तू पण! मी तुला विश्वासाने विचारलं होतं, हिचं माणूस कसं आहे म्हणून."

"मी खोटं नाही सांगितलं, काकू," हेमांगी म्हणाली. "चांगलं आहे म्हटलं होतं."

आईच्या तोंडावर हसू आलं होतं, पण ते तिने कपात लपवलं. घराण्याचीच सवय म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एसटीत बसवलं. तिची पिशवी हेमांगीने धरली होती. आई माझ्याशी फारसं बोलली नाही. गाडी सुटताना खिडकीतून तिने हेमांगीला विचारलं, "ते गुडघ्याचे व्यायाम चालू ठेवू का?" हेमांगी म्हणाली, "ठेवा. मी फोन करते." आईने होही म्हटलं नाही, नकोही नाही.

सोमवारी हेमांगीने बडोद्याला नाही कळवलं. त्या आनंदात मला नीट हसताही येईना, कारण संध्याकाळी फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी केला तर आई उचलून "बरी आहे" म्हणायची आणि ठेवायची. माझी संध्याकाळ सुनी सुनी व्हायची. आठवडे असेच गेले. धारणकर सरांनी दरम्यान अहवाल छापला. त्यात ‘प्रेक्षकांनी भाषांतराच्या अंगाने विषयावर उद्बोधक चर्चा केली’ असं वाक्य होतं. नोमवुलाने तिच्या बायकोचा फोटो पाठवला, बशीतून चहा पिताना.

मग एका संध्याकाळी, आम्ही ताटं घेत असताना, फोन वाजला. तिच्या नेहमीच्या वेळी.

"जेवलात का?" आईने विचारलं.

मला आधी समजलंच नाही. आईने मला जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. वाटलं, राग अजून गेला नाही, म्हणून परक्यासारखी बोलतेय.

"आई, ‘जेवलात’ काय? मला आदरार्थी कशाला?"

"आदर कसला डोंबलाचा," आई म्हणाली. "अनेकवचन आहे ते."